चार इंच कोरी कड

विक्रोळी (पूर्व)
रविवार, दुपार (आई झोपली आहे, बाबा टीव्हीसमोर)

ती. गुणाजी मामा,

तुमच्या दोन्ही पायांना लांबूनच नमस्कार. (जवळून केला की माझा हात नेमका दुखऱ्या गुडघ्याला लागतो आणि तुम्ही आशीर्वादाऐवजी दुसरंच काहीतरी देता.) गुडघा कसा आहे? राधामामीचा खोकला थांबला का? पाडी व्यायली का? इकडे सगळे ठीक. बाबा माझ्याशी अजून बोलत नाहीत, पण न बोलण्याची पद्धत आता जरा मवाळ झाली आहे. आधी माझ्याकडे बघून बोलत नसत, आता टीव्हीकडे बघून बोलत नाहीत. माझी स्वतःची प्रकृती उत्तम आहे आणि हे मी पत्रात लिहायचं म्हणून लिहीत नाही. माझ्याकडे तीन रिपोर्ट आहेत. हिमोग्लोबिन पंधरा, साखर नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. एवढ्या तरुणपणी थायरॉइड कशाला तपासलं, ते पुढे येईल.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचाराल. मामा, तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. मागच्या वेळी मी मनातलं काही सांगत होतो तर तुमच्या पडवीतून कोणीतरी 'मगे फुडे काय झाला?' असं विचारलं. त्या माणसाला मी ओळखतही नाही. म्हणून हे पत्र. एकट्याने वाचा. मामीला वाचून दाखवायला हरकत नाही, किंबहुना शेवटचा भाग तिलाच दाखवा.

मी कॉलेज का सोडलं हे तुम्ही बाबांकडून ऐकलंय, म्हणजे चुकीचं ऐकलंय. खरी गोष्ट अशी की सेकंड इयरच्या परीक्षेचा फॉर्म भरायला मी दोन तास रांगेत उभा होतो. माझा नंबर आला आणि खिडकीतल्या क्लार्कने जेवणाची वेळ झाली म्हणून फळी खाली ओढली. मी हात मध्ये घातला. फॉर्म फाटला, हात सुजला, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं की हे कॉलेज मी सोडलं. मागे साठ जण उभे होते, मामा. साठ जणांनी ऐकलेला शब्द माणूस मागे कसा घेणार? दहा जण असते तर विचार केला असता. म्हणून सोडलं, आणि मला त्याचा अभिमान आहे. (त्याच रात्रीच्या गाडीने मी तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'तुझा डोक्या म्हणजे न्हाणयेची चूल, कधी पेटात सांगूक येवचा नाय.' ते मी कौतुक समजून घेतलं.)

तर गेली दोन वर्षं मी इथे सुबोधदादाच्या दुकानात बॅनर बनवतो. 'रत्नप्रभा डिजिटल', स्वतःच्या आईच्या नावाने काढलंय त्याने. तुम्हाला वाटत असेल भाचा पोस्टर चिकटवतो. तसं नाही. विक्रोळीत कोणाचं बारसं, कोण बारावी पास, कोणाचं नवीन सलून, कोण किती वर्षांनी कुठल्या पदावर नेमलं गेलं, हे सगळं आधी माझ्या मशीनमधून बाहेर येतं आणि मग जगाला कळतं. सकाळी शटर उघडलं की शाईचा वास येतो. तो वास पहिल्यांदा आला तेव्हा डोकं दुखलं, आता सुट्टीच्या दिवशी येत नाही म्हणून दुखतं. चार वाजता समोरचा अण्णा कटिंग चहा पाठवतो, सोबत दोन खारी. त्या वेळी मशीन घरघर करत असते, आणि आत कोणाच्या तरी आजीची शंभरी इंच इंच सरकत असते. मी खारी बुडवत बघत बसतो. कॉलेजात आयुष्याचा अर्थ वगैरे एक लेक्चर झालं होतं. मला तो तिथे सापडला नाही, त्या खारीपाशी सापडला. (खारी बुडवायला एक सेकंद जास्त लागला तर तोही कपात जातो.)

आता रिपोर्टांचं. सुबोधदादाला साखर आहे. त्याचं रक्त घ्यायला लॅबमधून एक मुलगी सकाळी उपाशीपोटी येते. म्हणजे उपाशी दादा असतो. तिचं नाव संघमित्रा. पाठीवर निळी पेटी, हातात ग्लोव्हज, आणि सुई टोचताना ती समोरच्याला असा काही प्रश्न विचारते की त्याचं लक्ष उत्तरात जातं आणि काम होऊन जातं. पहिल्याच दिवशी तिने दादाच्या दंडाला रबर बांधलं आणि इकडे मी माझी बाही वर केली. मी म्हणालो, माझंही घ्या. तिने विचारलं, कुठली टेस्ट? मी म्हणालो, ज्या असतील त्या. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तिने रिपोर्ट माझ्या टेबलावर आपटला आणि म्हणाली, 'तुझ्या रक्तात काही नाहीये रे. गुपचूप काम कर.' मामा, त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं.

(मामी पहिला प्रश्न आडनावाचा विचारील. तिला सांगा, पत्राच्या शेवटी लिहिलंय.)

एके सकाळी मी आकाशभाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर बनवत होतो. आकाशभाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाचे अध्यक्ष. पक्ष कुठला ते विचारू नका, दर दोन वर्षांनी बॅनरचा रंग बदलतो. संघमित्रा स्क्रीनकडे बघत उभी राहिली. मग तिने अगदी कडेच्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे माझे पप्पा. पुढे म्हणाली, नीट बघून घे, उद्या दिसणार नाहीत.

इथे तुम्हाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. बॅनरवर मधे ज्याचा वाढदिवस तो, मोबाइल कानाला लावून. वर मोठे नेते. खाली शुभेच्छुकांची रांग, आणि त्या रांगेतला क्रम म्हणजेच खरं राजकारण. यादी भाऊंच्या ऑफिसातून येते, पहिला कोण, तिसरा कोण, कोणाच्या फोटोला गोल आणि कोणाच्या चौकोनी. पण बॅनर लाकडी फ्रेमवर ताणून बसवायचा असतो. त्यासाठी चारी कडा तीन-चार इंच मागे दुमडतात आणि मागून खिळे मारतात. बाकीच्यांना आत सरकवून बसवतात, पण यादीत जो शेवटचा, तो कडेवर येतो आणि दुमडला जातो. शिवदासकाका, म्हणजे संघमित्राचे पप्पा, यादीत कायम शेवटचे. इथल्या कंपनीतून रिटायर झालेला माणूस, पंचवीस वर्षं पक्षाच्या प्रत्येक सभेला खुर्च्या मांडतो. बावीस बॅनरवर त्यांचा फोटो छापला गेला आणि बावीसही वेळा लाकडामागे गेला. संघमित्रा लहान असताना बॅनरच्या मागे जाऊन बघायची. फ्लेक्सच्या मागच्या पांढऱ्या बाजूने उन्हात पप्पांचा अर्धा कान दिसायचा, तोही उलटा. शाळेत तिने सांगितलं की माझे पप्पा बॅनरवर आहेत, तर पोरींनी विचारलं, कुठे? ती म्हणाली, मागे.

हे सांगून तिने पेटी उचलली आणि ती पुढच्या घरी रक्त काढायला निघून गेली. माझं डोकं मात्र उकळायला लागलं. बावीस बॅनर, मामा. त्यातले नऊ मी स्वतः बनवले होते. नऊ वेळा मी त्या माणसाला माझ्या हाताने लाकडामागे घातलं आणि वर खारी खाल्ली. मी स्क्रीनवरून शिवदासकाकांना उचललं आणि थेट भाऊंच्या शेजारी आणून बसवलं. आकारही वाढवला, आधी थोडा, मग राग शांत होईपर्यंत. तिथे आधी नितेशशेठ होते, पक्षाचे खजिनदार, हार्डवेअरवाले. त्यांना मी उचलून शेवटी ठेवलं. मग डिझाइन भाऊंना पाठवलं. भाऊ डिझाइनमध्ये फक्त स्वतःचा चेहरा मोठा करून बघतात आणि अंगठा पाठवतात. अंगठा आला.

दुसऱ्या दिवशी दहा बाय आठचा बॅनर नाक्यावर लागला. नितेशशेठ लाकडामागे गेले, आणि ते लाकूड त्यांच्याच दुकानातलं होतं.

पुढे जे झालं त्याची मी कल्पना केली नव्हती. पालिकेची निवडणूक तोंडावर होती. नाक्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाने बॅनरवर एवढे मोठे शिवदासकाका बघून एकच अर्थ काढला, तिकीट यांना. संध्याकाळपर्यंत काकांच्या दारात सोळा चपला. कोणाचं गटार तुंबलेलं, कोणाकडे पाणी बारीक, एक म्हातारी रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव चुकलंय म्हणून आलेली (नवरा वारून सात वर्षं झाली होती, पण चूक ती चूक). काका सगळ्यांना सांगत होते की मी कोणी नाही. लोक एकमेकांना म्हणत होते, बघा, किती साधा माणूस. जितकं नाही म्हणतील तितकं तिकीट पक्कं होत होतं. मी समोरच्या टपरीवरून हे बघत अभिमानाने चपला मोजत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला काका दुकानात आले. मी उठून उभा राहिलो. वाटलं, जावई म्हणून मिठी मारतात की काय. त्यांनी विचारलं, हे तू केलंस? मी म्हणालो, हो, मीच. अभिमानाने म्हणालो. ते म्हणाले, 'पंचवीस वर्षं मी लोकांना खुर्च्या दिल्या. कोणाच्या खुर्चीत बसलो नाही. तू मला न विचारता बसवलंस. काल भाऊंच्या ऑफिसात माझ्याकडे सगळे चोरासारखे बघत होते.' मी काही बोलणार एवढ्यात दारात नितेशशेठ. त्यांच्यासोबत दोघे जण, आणि त्या दोघांच्या बाह्या आधीच वर केलेल्या. शेठ म्हणाले, 'कोणाच्या सांगण्यावरून मला मागे टाकलंस रे?' आता अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी म्हणालो, 'शेठ, लाकूड तुमचं, खिळे तुमचे. आपल्याच मालाच्या मागे राहायला लाज कसली?' शेठनी माझी कॉलर धरली. मी फ्लेक्स गुंडाळायचा पाइप धरला. सुबोधदादा कोपऱ्यात साखर कमी झाली म्हणून खारी शोधत होता.

आणि मामा, तेव्हा शिवदासकाकांनी काय केलं असेल? दुकानामागून खुर्च्या आणल्या. सवयच ती. एक उघडून शेठच्या मागे लावली, एक माझ्या मागे, दोन त्या बाह्यावाल्यांना, आणि साध्या आवाजात म्हणाले, 'बसून घ्या.' आम्ही बसलो. बसल्यावर कॉलर धरता येत नाही, हात पुरत नाही. पाइप मांडीवर घेऊन बसलेला माणूस भयंकर दिसत नाही, बासरीवाला दिसतो. नंतर काका मला म्हणाले की त्यांनी पंचवीस वर्षांत अशा चाळीस मारामाऱ्या थांबवल्यात, भाषणाने नाही, खुर्च्यांनी.

मग काका माझ्याकडे वळले. म्हणाले, 'तुला वाटतं मला वाईट वाटायचं. नाही वाटायचं. कडेला माणूस लागतोच रे. कड दुमडली नाही तर बॅनर ताणला जात नाही, वाऱ्याने फडफडतो आणि मग मधल्याचाही चेहरा दिसत नाही.' बाह्यावाल्यांपैकी एकाने बाही खाली केली. मला कळत होतं की हे फार मोठं बोलणं आहे आणि आपण मान डोलवायला हवी. पण मामा, तुमचा भाचा मान डोलवणाऱ्यांतला नाही. मी म्हणालो, 'काका, कड लागते, बरोबर. पण कडेला माणूसच कशाला लागतो? चार इंच कोरी सोडायची. कोरा फ्लेक्स दुमडायचा.'

नितेशशेठनी जरा विचार करून विचारलं, 'म्हणजे मी शेवटी असूनही दिसलो असतो?' मी म्हणालो, शेठ, सगळेच दिसले असते. बावीसही वेळा. शेठ म्हणाले, 'मग इतकी वर्षं सोडली का नाही कोणी?' सुबोधदादा म्हणाला, कोणी मागितली नाही.

त्याच दुपारी मी बॅनर पुन्हा बनवला. नितेशशेठ परत भाऊंशेजारी, काका परत शेवटी (त्यांनीच तसं सांगितलं, आणि मी पहिल्यांदाच कोणाचं तरी ऐकलं), आणि चारी बाजूंनी चार इंच कोरी कड. तेव्हापासून आमच्या दुकानातून एकही बॅनर त्या कडेशिवाय बाहेर पडलेला नाही. गेल्या आठवड्यात टागोर नगरच्या दुकानानेही सोडायला सुरुवात केली, न विचारता. मी भांडायला निघालो होतो, मग वाटलं, राहू दे. मामा, आज आमच्या भागात लाकडामागे कोणाचाही चेहरा नाही. या वयात किती जणांना असं काही म्हणता येतं?

तिकीट अर्थात काकांना मिळालं नाही. भाऊंच्या वहिनींना मिळालं. त्या इथे राहतही नाहीत. मी पुन्हा पाइप शोधत होतो, तर काका त्यांच्याच सभेला खुर्च्या मांडायला निघाले होते. पण दारातल्या सोळा चपला काही कमी झाल्या नाहीत. गटार काकांनी उघडवून घेतलं, पाण्याची चावी फिरवणाऱ्याला ते नावाने ओळखतात, आणि म्हातारीच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव आता रेशनकार्डावर अगदी बरोबर आहे. पहिला बॅनर, ज्यावर काका एवढे मोठे होते तो, त्यांनी माझ्याकडून मागून घेतला. घरात लावतील असं मला वाटलं. नाही. खुर्च्यांच्या थप्पीवर धूळ बसू नये म्हणून घातलाय. चेहरा बाहेरच्या बाजूने मात्र संघमित्राने केला.

त्या दिवशी निघताना काकांनी मला एकच प्रश्न विचारला होता. शिक्षण किती? मी खिडकीची गोष्ट सांगितली, फळी, सुजलेला हात, साठ माणसं, सगळी. ही गोष्ट मी आजवर शंभर जणांना सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी टाळी मिळाली आहे. काका हसले नाहीत. म्हणाले, 'माझ्या आज्याला शाळेत घेतलं नव्हतं. तो खिडकीबाहेर उभा राहून ऐकायचा. आणि तू आत बसलेला, खिडकीवर रागावून बाहेर आलास?' मी मशीनकडे वळलो. (गिऱ्हाईक आलं होतं.)

असो. माझं एकंदर झकास चाललंय. मला काही कमी नाही आणि कोणाकडून काही नको. मी आहे तिथे अभिमानाने आहे, हे बाबांना परस्पर कळलं तरी चालेल. गुडघ्याला जपा.

तुमचा,
यज्ञेश
(बॅनर डिझायनर)

ता.क. मामीला सांगा, कोकमं या वर्षी थोडी जास्त पाठव. एका घरी द्यायची आहेत. त्यांच्याकडे मटणात कोकम घालत नाहीत, पण मी घालायला लावीन.

ता.क. २. मामीने आतापर्यंत आडनाव शोधलं असेल. ते लिहिलेलं नाही. संघमित्राला घेऊन मी गणपतीत येईन, मामीने तिला आधी बघावं, तिच्या हातचा चहा प्यावा, हवं तर रक्त तपासून घ्यावं. मग आडनाव सांगीन. आणि ते ऐकून कोणाचा चेहरा बदलला तर मामा, मी तुमचा भाचा आहे, माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहे.

ता.क. ३. आता खरं काम. संघमित्रा परवा दादाचं रक्त घ्यायला आली तेव्हा तिने मला बाहेर बोलावलं. म्हणाली, 'पप्पांना तू लाकडाबाहेर काढलंस, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण डिग्रीशिवाय आमच्या दारात पाऊल टाकू नकोस.' म्हणून मी उद्या फॉर्म आणायला कॉलेजात जातोय. त्याच खिडकीवर. चौकशी केली, क्लार्कही तोच आहे. शेवटची तारीख तीन आठवड्यांवर आहे आणि जुन्या मार्कशीट मूळच्या लागतात. दुसऱ्या काढायच्या तर दोन महिने जातील. त्या सगळ्या एका हिरव्या फाईलमध्ये होत्या. ती फाईल मी त्या वेळी तुमच्याकडे येऊन मामीच्या हातात दिली होती आणि न्हाणीच्या चुलीत घाल म्हणून ओरडलो होतो. मामी आत गेली, परत आली आणि म्हणाली, 'घातलंय चुलीत. आता गप आंघोळ कर.'

मी दोन वर्षं त्यावर विश्वास ठेवला. पण परवापासून मला एक गोष्ट राहून राहून आठवते आहे, आणि सगळी आशा तिच्यावरच आहे. एवढी जाड फाईल त्या चुलीत गेली असती, तर पाणी कडकडीत तापायला हवं होतं. मामा, त्या दिवशी मी थंड पाण्याने आंघोळ केली होती. मामीच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, जरा बघता का?